कडक इस्त्रीच्या चिंध्या

अल् घुब्रा, मस्कत
शुक्रवार, ११ मार्च २०१६

चि. प्रणाली,

जयभीम. आशीर्वाद आहेतच, ते काही बंद झालेले नाहीत. रागही आहे, तोही बंद झालेला नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवते, तुला हवं ते आधी वाच.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि तुझे पप्पा मधे 'अगं, अगं' करत राहतात. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, ही मोठीच सोय आहे. पत्ता स्वरूपकडून मिळवला. तुझा भाऊ पुण्यात बसून आपल्या दोघींचा पोस्टमन झाला आहे.

तर विषय असा, की तुमची ती मालिका बंद केली म्हणे. 'सेव्हन हार्बर्स'. काल दुपारी खालच्या मजल्यावरची अमीरुन्निसा धापा टाकत वर आली. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, हैदराबादला तिचं कोणी गेलं. पाणी दिलं, बसवलं. तर म्हणते, "भाभी, बंद कर दिए इनो! खर्चा बहुत होता बोलके बंद कर दिए! अभी तो जहाज निकला इच नहीं था ना!" आणि खरोखर डोळ्यांना पदर लावला.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. ती मालिका आपल्याच घरी बघितली जाते. दर शुक्रवारी दुपारी, सोमवारचा भाग पुन्हा दाखवतात तेव्हा. महागड्या चॅनलचं कार्ड पप्पांनी रुवीहून आणलं आणि मला सांगितलं, क्रिकेटसाठी. क्रिकेट एकदाही लागलं नाही. अमीरुन्निसा येते, बिल्डिंगचा मालक हसन येतो. हसन मूळचा किनाऱ्यावरच्या सूर गावचा, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी जहाजं बांधायचे. तो जहाजांसाठी बघतो आणि जहाजांच्याच चुका काढतो. मी चहा करते आणि बघत नसल्यासारखं दाखवते. भाग संपला की पप्पा चष्मा चढवून टीव्हीला नाक लावतात. नावं येतात ना शेवटी. पण हे चॅनलवाले नावांची चौकट आगपेटीएवढी करून बाजूला जाहिरात लावतात. हसनला वाटतं, बबनभाईंचे डोळे गेले. मला ठाऊक आहे ते कोणाचं नाव शोधतात. त्या दोघांना ठाऊक नाही.

म्हणजे मी सांगितलेलं नाही. इथे सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे की आमची प्रणाली कार्डिफला आहे, कॉम्प्युटरमध्ये.

सव्वा वर्ष झालं. डिसेंबरात तू आलीस आणि तुझं काम दाखवते म्हणून माझ्या ओट्यावर पप्पांचा नवा कोरा शर्ट किसणीवर किसलास. वर चहाचं पाणी ओतलंस. टेक्स्टाइलची एवढी मोठी डिग्री, आणि नोकरी कसली, तर मालिकांसाठी नवे कपडे मळवायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, नाही म्हणत नाही. माझी आई धुतलेली पांढरी साडी नेसून पहिल्यांदा गावच्या रस्त्याने गेली तेव्हा तिच्यावर शेण फेकलं होतं. तिने साडी धुतली आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसून त्याच रस्त्याने गेली. चळवळीने आपल्या बायकांना पहिली गोष्ट हीच शिकवली, अंगावरचं फाटकं टाका, स्वच्छ नेसा. त्या बाईची नात पगार घेऊन चिंध्या करते. हे मी तेव्हा बोलले आणि आजही बोलते.

तू म्हणालीस, "आई, मी काय काम करते ते ज्या दिवशी चारचौघांत सांगशील, त्या दिवशी मी या घरी येईन." आणि तिकीट बदलून चार दिवस आधीच निघून गेलीस. हट्टाच्या बाबतीत तू कोणावर गेलीस ते सांगायला नको.

आता नोकरीचं काय? दुसरी मिळाली का? जेवतेस ना वेळेवर?

एक राहिलं. दुसऱ्या भागात ते गोदीवरचे हमाल दाखवले, त्यातल्या एकाच्या पाठीवर घाम वाळून पांढरी रेघ उमटली होती. मिठाची. जून महिन्यात इथे रस्त्यावर काम करणाऱ्या पोरांच्या शर्टावर अगदी तशीच असते. मी गाळणी हातात घेऊन उभी राहिले आणि चहा उकळून सांडला. ती रेघ तू काढलीस का? तेवढंच विचारायचं होतं.

तुझी,
आई


अल् घुब्रा
शुक्रवार, १ एप्रिल २०१६

चि. प्रणाली,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्या जागी असते तर दिलं नसतं.

मालिका संपली म्हणजे शुक्रवार मोकळे होतील असं मला वाटलं होतं. कसले मोकळे! मंडळी येतात, चहा पितात आणि टीव्ही बंद ठेवून भांडतात. अमीरुन्निसाचं म्हणणं, चॅनलचा मालक कंजूष. हसनचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, "सिस्टर, सूर में कोई आदमी जहाज आधा बनाके नहीं छोडता. पैसा खलास, तो ठहरता है. एक साल, दो साल. फिर बनाता है. ये नफर लोग कैसा है? बोलता, खर्चा ज्यादा, यल्ला, बंद!" पप्पा इंजिनियरसारखं समजावतात की एका भागाला किती माणसं लागतात, किती कापड, किती लाकूड. हसन ऐकून घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

मला कळेना, की कोणाचं काय गेलं? राजा खोटा, बंदरं खोटी, जहाज तर म्हणे निम्मं कॉम्प्युटरमध्ये. पण शेवटचा भाग आठवला की मीसुद्धा गप्प होते. राजाने सगळी जहाजं जाळली, एकच उरलं, आणि त्याला दोर नाहीत. मग ती म्हातारी पुढे येते, आपल्या लुगड्यासारख्या वस्त्राचा काठ दातांनी फाडते आणि वळायला बसते. मग दुसरी. मग हमाल, मग कोळी, मग सगळं बंदर. अंगावरच्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून दोर वळतात, शीड वर चढतं आणि पडदा काळा होतो. जहाज सुटताना पुढच्या वर्षी दाखवणार होते.

हसन म्हणाला, "कपडे का रस्सी से जहाज नहीं चलता. मेरे को मालूम है. फिर भी मैं रोया." एवढा धिप्पाड माणूस, माझ्या सोफ्यावर बसून हे सांगत होता.

आता पुढचं ऐक, तुला तिकडे कळलं असेलच. जगभरातले बघणारे चॅनलच्या ऑफिसात जुन्या कपड्यांच्या पट्ट्या पाठवताहेत. म्हणजे, घ्या दोर, सोडा जहाज. अमीरुन्निसाने फोनवर फोटो दाखवले. ब्राझीलहून, जपानहून, कुठल्या कुठल्या बर्फातल्या गावांहून. एका बाईने रुग्णालयातल्या गाऊनची पट्टी पाठवली आहे. एका गावाने मिळून पोतंभर. मी चष्मा लावून तासभर तेच फोटो बघत बसले. इतकी माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि सगळ्यांनी कपाटातून चिंधी काढली. माझ्या अंगावर काटा आला, आता हे तुझ्यापासून लपवून काय करायचं?

आपल्या बिल्डिंगचीही पुडी जाणार आहे. हसनने सूरहून त्याच्या वडिलांचा वझार आणला. इथले लोक त्या पायघोळ दिशदाशाच्या आत लुंगीसारखा गुंडाळतात तो. वडील तो नेसून गोदीत जहाजांना शार्कचं तेल चोपडायचे. वडील जाऊन वर्षं झाली, पण कापडाला अजून वास होता. अमीरुन्निसाने लेकीच्या बाळंतपणातल्या दुपट्ट्याची पट्टी दिली, हळदीच्या डागासकट. मला म्हणाली, "भाभी, तुम्हारा?"

मी कपाट उघडलं आणि उभीच राहिले. प्रणाली, आपल्या घरात चिंधी नाही. फरशी पुसायलासुद्धा मी नवा कपडा विकत आणते. कॉलर विरायच्या आत शर्ट कोणाला तरी देऊन टाकते. इतकी वर्षं मला याचा अभिमान होता आणि काल पहिल्यांदा पाहुण्यांसमोर रिकामा हात घेऊन उभी राहिले.

तेवढ्यात पप्पा उठले. आतल्या खोलीतून त्यांनी काय आणलं असेल? तू किसलेला तो शर्ट. मी तो तेव्हाच कचऱ्यात टाकला होता. त्यांनी तो काढून सूटकेसमध्ये ठेवला होता, घडी घालून. माझ्याकडे न बघता त्यांनी बाहीची पट्टी फाडली आणि टेबलावर ठेवली.



आई


अल् घुब्रा
शुक्रवार, २९ एप्रिल २०१६

प्रणाली,

माझ्या हातून एक घोळ झाला आहे आणि तो निस्तरायला मला तुझी गरज आहे. बघ, कोणाला काय सांगायची वेळ येते.

पुडी कुरिअरने पाठवायचं काम माझ्याकडे होतं. पट्ट्या टेबलावर होत्या. आता पुडीवर आपल्या घराचा पत्ता, आपलं नाव. मनात आलं, हे परदेशातल्या ऑफिसात उघडणार. ओमानहून, ललिताच्या घरून, अशी मळकी, तेलकट, वास मारणारी कापडं? मी मुद्दाम विचार करून केलं असं नाही, हातच वळले. सगळ्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवल्या. तेल निघेना म्हणून पावडर घातली, मग ब्लीच. हळदीचा डाग उन्हात ठेवून घालवला. खळ केली, पट्ट्या ताठ वाळवल्या आणि वाफेची इस्त्री फिरवून एकावर एक रचल्या. इतक्या सुरेख दिसत होत्या की मी पप्पांना बोलावून दाखवल्या. पप्पा बघत राहिले आणि म्हणाले, "ललिता, हे काय केलंस तू?"

मला तेव्हाही कळलं नाही. गेल्या शुक्रवारी हसन आला तेव्हा कळलं. त्याने आपली पट्टी उचलली, उलटसुलट केली, मग नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. आणि अगदी हळू विचारलं, "सिस्टर, मेरा बाप किधर गया?"

प्रणाली, मला आयुष्यात बरंच बोललं गेलं आहे. असं कोणी बोललं नव्हतं. तो रागावला असता तर मी चार शब्द परत दिले असते. तो फक्त पट्टीची घडी घालून खिशात ठेवायला लागला आणि खळीमुळे तिची घडी होईना. शेवटी ती टेबलावरच ठेवली.

अमीरुन्निसाने सावरून घेतलं. "जाने दो जी, भाभी के हाथ में सफाई की बीमारी है." ते खरं आहे. पण ती बीमारी आहे असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

सगळे गेल्यावर मी त्या तिन्ही पट्ट्या पुन्हा बघितल्या. आणि एक गोष्ट दिसली, ती लिहायला हात शिवशिवताहेत. हसनच्या बापाचं तेल गेलं. अमीरुन्निसाच्या नातवाची हळद गेली. खरंखुरं आयुष्य होतं ते, आणि एका दुपारच्या ब्लीचमध्ये गेलं. पण पप्पांच्या शर्टाच्या बाहीवर तू जे केलं होतंस ते तसंच होतं. कोपराजवळ सूत विरलेलं, कडेला दोरे सुटलेले, मधे चहाचा तो फिकट तपकिरी ढग. मी तीच पावडर घातली होती, तेच ब्लीच. गेलं नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं त्या कोपरावर टेकून बसलं आहे असंच वाटत होतं. आणि तो शर्ट तर पप्पांनी एकदाही घातला नव्हता.

मी खिडकीपाशी उजेडात धरून बघितलं. एकेक दोरा तू सुटा केला होतास. किसणी मला दिसली होती, हे दिसलं नव्हतं.

तर आता सांग. हसनचे वडील त्या कापडात परत कसे आणायचे? माझ्याकडे किसणी आहे, चहा आहे, समुद्र खाली चालत जाण्याइतका जवळ आहे. बाकी काय लागतं ते लिही. आईसाठी नको, हसनसाठी लिही.

आई


अल् घुब्रा
रविवार, २२ मे २०१६

चि. प्रणाली,

तुझा कागद मिळाला. फोटो काढून पप्पांच्या मेलवर पाठवलास, त्यांनी ऑफिसात छापून आणला आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. ना 'प्रिय आई', ना शेवटी नाव. पण पहिलं वाक्य मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. "आधी माणूस ठरव, मग डाग. हसनचे वडील तेलाचा हात कुठे पुसायचे, उजव्या मांडीवर की डाव्या? हे आधी विचार, तोवर कापडाला हात लावू नकोस."

मी हसनला विचारलं. भीत भीतच. तो विचारात पडला, मग उठून उभा राहिला, हवेत ब्रश धरल्यासारखा हात फिरवला आणि खाली आणून पुसला. डावीकडे! त्याचा त्यालाच धक्का बसला. "बाप लेफ्ट हॅन्ड था, सिस्टर! मैं भूल गया था!" मग सबंध दुपार तो सांगत होता. वडील उकिडवे बसायचे, म्हणून कापड गुडघ्यावर ताणलं जायचं. खिळे तोंडात धरायचे आणि हात मागे पुसायचे. अमीरुन्निसाला त्या दिवशी भाजी करायची आठवण राहिली नाही. मी तुझ्या कागदावर कडेने सगळं लिहून घेतलं.

मग आम्ही लागलो. किसणी मी धरली, पप्पांनी तारेचा ब्रश. आधी आम्ही भोकच पाडलं. मग तुझा कागद पुन्हा वाचला, 'घाई करू नका, कापड थकलं पाहिजे, फाटलं नाही पाहिजे.' हसनने सूरहून तेल मागवलं. त्याच्या वासाने वरचा मजला विचारायला आला. एका वितीच्या कापडासाठी आम्ही चौघं दोन शुक्रवार खपलो आणि तरी ते तुझ्या बाहीसारखं झालं नाही. तू अख्खं बंदर केलंस, गं. म्हातारीचं वेगळं, हमालाचं वेगळं, मागे उभ्या असलेल्या, ज्याच्याकडे कोणी बघणारही नाही त्याचंही वेगळं. मी तो भाग पुन्हा लावला आणि माणसं सोडून फक्त कपडे बघितले. ही माझी मुलगी आहे आणि ती एवढं मोठं काही करत होती, आणि माझ्यामुळे ती घरी येत नव्हती.

आता कालचं. काल बुद्धपौर्णिमा. यंदा वंदना आपल्या घरी होती. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, खिरीचं पातेलं, हॉलमध्ये गालिचे. ओल्या पट्ट्या मी बाल्कनीत दोरीवर टाकून पडदा ओढून घेतला होता. एवढ्या मंडळींसमोर मला विषयच नको होता.

आपल्या वंदनेला येणाऱ्या प्रेमानंदची आई आली आहे, रखमाबाई. खेडकडच्या, व्हिजिटवर आल्या आहेत. ऐंशीच्या पुढे असतील. त्यांना एसी सोसत नाही. वंदना झाली, खीर वाटायला घेतली आणि त्या उठून बाल्कनीत गेल्या. परत आल्या त्या हातात हसनच्या बापाची पट्टी घेऊन.

"ललिता, ह्या कुनाच्या चिंध्या गो? तुज्या घरात?"

माझी इस्त्री सगळ्यांना ठाऊक. फरशी पुसायचे कपडे म्हणाले असते तर संपलं असतं. पण तोंडात आलं, "माझ्या मुलीने सांगितल्यावरून केल्यात. तिचं तेच काम आहे."

स्नेहल, ती प्लांटवरची इंजिनियर पोरगी, गोड आहे, मला मदत करायला गेली. "म्हणजे काकू, फॅशन डिझायनर?"

एवढी पळवाट पुरेशी होती. मी खिरीचा डाव खाली ठेवला. "नाही. कॉम्प्युटरमध्येही नाही, ते मी खोटं सांगत होते. ती मालिकांसाठी नवे कपडे जुने करते. फाटके करते, मळके करते. त्याचा पगार घेते."

एक बाई दुसरीकडे बघायला लागली. मला वाटलं, आता माझ्या आईचं नाव निघेल, साडीचं निघेल. पप्पा दारात उभे होते. ते आत आले आणि त्यांनी रेकॉर्ड केलेला तो शेवटचा भाग लावला, दोर वळण्याचा.

रखमाबाई टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन बसल्या. म्हातारीने दातांनी काठ फाडला तेव्हा त्यांनी काचेवर हात ठेवला. "ही कुठल्या गावची मान्सं?"

"गावची नाहीत, आजी. नट आहेत ते. ते कपडे नवे होते. प्रणालीने केले."

"ह्ये नवं होतं?" त्यांनी मला दोनदा विचारलं. "ह्ये खांद्यावरचं? पाटी वाहून जातं तसं गेलंय ह्ये. नवं होतं?"

"नवं होतं."

त्या किती वेळ बघत होत्या. मला वाटलं रडतील. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मी पाणी आणायला उठले, तर बाई हसत होत्या. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "आमाला फुकाट मिळाल्या गो चिंध्या! वर शिव्या! आनि ही पोर त्याच चिंध्यांचा पगार घेते? साहेबाकडनं? जितली की गो पोरगी! जितली!"

मग त्यांनी पूर्ण भाग पुन्हा लावायला सांगितला. पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या बायका खीर बाजूला ठेवून त्या चिंध्यांकडे बघत होत्या. एकीला तिच्या आजीचं ठिगळ आठवलं, एकीला वडिलांचा शर्ट. कोणी तोंड लपवलं नाही. इतकी वर्षं आम्ही एकत्र वंदना करतो, पण असं कधी बोललो नव्हतो.

मी चारचौघांत सांगितलं, प्रणाली. चारांहून पुष्कळ जास्त होत्या.

आई


अल् घुब्रा
शुक्रवार, १७ जून २०१६

चि. प्रणाली,

इथे रोजे चालू आहेत, त्यामुळे शुक्रवारचा चहा बंद. तरी हसन संध्याकाळी खजूर देऊन गेला. पुडी गेली हे तुला कळवलं होतंच. जाण्याआधी त्याने पट्टी नाकाशी धरली होती. म्हणाला, समुद्राचा वास नाही आला. मग म्हणाला, "लेकिन हाथ उसी का है." ती पट्टी पाठवायला तो तयारच नव्हता. शेवटी निम्मी कापून स्वतःकडे ठेवली.

चॅनलचं उत्तर आलं. छापील कार्ड, आपल्या प्रेमाबद्दल आभार, मालिका पुन्हा सुरू होणार नाही. अमीरुन्निसाने शिव्या दिल्या आणि रोज्यात शिवी दिली म्हणून तौबाही केली. पण तो फोटो तू बघितलास ना? लोकांनी आलेल्या सगळ्या पट्ट्यांचा खरोखरच दोर वळला आणि त्या ऑफिसच्या इमारतीभोवती फिरवला. इमारतीला पूर्ण वेढा पडून वर उरला. पप्पांनी फोटो मोठा करून करून आपली पट्टी शोधली. सापडली नाही. एवढ्या मोठ्या दोरात कशी सापडणार? मी त्यांना म्हटलं, असू दे, आहे ती त्यात कुठेतरी. इतक्या लोकांनी इतकं करूनही नाही म्हणणारे ते कोण मोठे लोक असतील, याचंही मला आश्चर्यच वाटतं. पण मी त्यांच्यावर चिडलेली नाही. ती मालिका झाली नसती तर मला माझी मुलगी काय करते ते दिसलंच नसतं.

तुझी नोकरी संपली, घरभाड्याचा करार महिनाअखेर संपतो, हे स्वरूपने सांगितलं. तू कळवलं नाहीस. तिकीट पप्पांनी बघून ठेवलं आहे. रखमाबाईंचा व्हिसा जुलैच्या मध्यापर्यंत आहे आणि त्या रोज विचारतात, "येते का गो ती?" हसनला तुला सूरला न्यायचं आहे, गोदी दाखवायला.

तुझ्या मेलमध्ये तू एकच ओळ लिहिलीस. "आई, त्या बायकांना सांगताना तुला लाज वाटली का? खरं सांग."

खरं सांगते. वाटली. वाक्य संपेपर्यंत वाटली. वाक्य संपलं आणि नाही वाटली.

पुढच्या वेळी कोणी विचारलं तर आधीपासूनच वाटणार नाही, असं वचन देत नाही. माझ्या आईची साडी माझ्या डोळ्यांपुढून जायची नाही. पण सांगेन मात्र दर वेळी. तू शेजारी उभी असलीस तर जरा सोपं जाईल.

ये.

तुझी,
आई